जमात श्रोता झाली, दावत राहून गेली

सोलापुरात कुणाला 'दावत' म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर शादीखाना येतो. दस्तरखान अंथरलेले, देग उघडलेली, आणि दारात उभे राहून 'खाना खाके जाना' म्हणणारे चाचा. गेल्या वर्षी मी आठवीच्या मुलांना या शब्दाचे अर्थ लिहायला सांगितले होते. जवळजवळ सगळ्यांनी 'जेवणाचे आमंत्रण' असे लिहिले. दोघा-तिघांनी 'जमातवाल्यांचे काम' असेही लिहिले. 'हाक मारणे, बोलावणे' हा मूळ अर्थ एकाच्याही वहीत नव्हता. मुलांना मी दोष देत नाही. घरात आणि मोहल्ल्यात हा शब्द ज्या अर्थाने वापरला जातो, तोच त्यांनी लिहिला.

दावत म्हणजे आपल्याला जे सत्य वाटते त्याची दुसऱ्याला ओळख करून देणे, त्याला त्याकडे बोलावणे. हे काम कुणाचे? विचारले की उत्तर ठरलेले असते : उलमांचे. फार तर जमातीत वेळ लावलेल्या लोकांचे. जुम्माला पाचशे माणसे सफीत उभी असतात आणि त्यातल्या चारशे नव्वद जणांना हे आपले काम आहे असे कधी वाटतच नाही. सूरह आलि इम्रानच्या १०४व्या आयतीत भलाईकडे बोलावणाऱ्या एका गटाचा उल्लेख आहे, त्याचा आधार घेऊन 'तो गट आहे ना, मग आपण सुटलो' असा सोयीचा अर्थ आपण काढला. त्याच सूरहची ११०वी आयत साऱ्या उम्मतविषयी बोलते, ती मात्र आपण बयानात ऐकून घरी जातो. एकच आयत ठाऊक असली तरी ती पुढे पोहोचवावी, या अर्थाची प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची सूचना बुखारी शरीफमध्ये आहे. एक आयत तर आपल्या रिक्षावाल्यालाही पाठ असते.

सामान्य माणसाला या कामात उतरवण्याचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा प्रयोग हिंदुस्थानातच झाला, हे आपण विसरतो. मौलाना मुहम्मद इलियास कांधलवी यांनी १९२०च्या दशकात मेवातमध्ये जे काम सुरू केले, त्याचे खरे नावीन्य मला त्याच्या रचनेत दिसते. त्यांनी शेतकरी, मजूर, दुकानदार यांना घराबाहेर काढले. स्वतःचा खर्च स्वतः करायचा, स्वतःचे अंथरूण स्वतः उचलायचे, अमीर सांगेल त्या दारावर जायचे. तीन दिवस, चाळीस दिवसांचा चिल्ला, चार महिने. गश्त, तालीम, तशकील. ज्याला कालपर्यंत चार माणसांत तोंड उघडता येत नव्हते, तो असरनंतर दारोदार जाऊन बोलू लागला. नई जिंदगीत किंवा विजापूर वेशीजवळ गश्तीला निघालेली जमात पाहा. यंत्रमागावर काम करणारा पुढे आणि कॉलेजात शिकवणारा त्याच्या मागे, असे दृश्य आजही दिसते. दुसऱ्या कुठल्या संघटनेला ते इतक्या सहज जमले आहे?

पण तब्लीगी जमातीने आपले क्षेत्र ठरवून घेतले आहे. तिचे बोलणे मुसलमानाशी आहे. कलमा, नमाज, इल्म व जिक्र, आपसांतील आदर. हे तिचे काम आहे आणि ती ते करते. गश्त करणारी जमात गल्लीतल्या चार घरांवर थाप मारते, मधली दोन घरे सोडून पुढे जाते. त्या दोन घरांतले लोक वीस-वीस वर्षे ही माणसे आपल्या दारावरून जाताना पाहत असतात. ती कुठून येतात, कुठे जातात, काय बोलतात, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. मग २०२० उजाडते. निजामुद्दीनची बातमी टीव्हीवर येते आणि त्या दोन घरांना जे सांगितले जाते तेच ते खरे मानतात. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे स्पष्ट म्हटले. निकाल आला तेव्हा टीव्हीवाल्यांचे लक्ष दुसरीकडे होते. शेजाऱ्याच्या मनात आपल्याबद्दल आधीपासून काही माहिती असती, तर त्या एप्रिल महिन्यात भाजीच्या गाडीवाल्या बागवानाला नाव विचारून परत पाठवणे इतके सोपे गेले असते का? मला तरी वाटत नाही.

दुसरा प्रयोग मंचावरचा. नव्वदच्या दशकापासून मोठी मैदाने, मोठे पडदे, प्रश्नोत्तरे आणि वादविवाद यांचा काळ आला. एक वक्ता बोलतो, ग्रंथांचे क्रमांक धडाधड सांगतो आणि हजारो लोक टाळ्या वाजवतात. मुंबईतली एक मोठी संस्था या पद्धतीवरच उभी राहिली होती. २०१६ साली केंद्र सरकारने तिच्यावर बंदी घातली. तो वाद मला इथे उकरायचा नाही. माझी तक्रार आपल्याबद्दल आहे. त्या काळात जमातीला सवय लागली ती प्रेक्षक होण्याची. दावत हा क्रिकेटच्या सामन्यासारखा पाहण्याचा विषय झाला. आपला खेळाडू जिंकला की आपण जिंकलो. आज त्याची छोटी आवृत्ती मोबाइलवर आहे. आपली पोरे दीड मिनिटाची क्लिप पाहतात, 'देखो कैसा चुप किया' म्हणतात आणि पुढे पाठवतात. समोरचा गप्प झाला म्हणजे त्याला पटले, असे कुठल्या शिक्षकाला वाटेल? वर्गात मी एखाद्या मुलाला सर्वांसमोर गप्प केले तर तो पुढचे आठ दिवस माझे काहीच ऐकत नाही.

कुरआनने सूरह नहलच्या १२५व्या आयतीत पद्धत सांगून ठेवली आहे : शहाणपण, चांगला उपदेश, आणि वाद घालायचाच झाला तर उत्तम रीतीने. वाद तिथे तिसऱ्या क्रमांकावर आहे. आपण तिथूनच सुरुवात करतो.

नौजवानांविषयी बोलताना मला हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) आठवल्याशिवाय राहत नाहीत. मक्केतल्या सुखवस्तू घरातला, चांगले कपडे आणि अत्तराचा शौक असलेला हा तरुण. अकबाच्या पहिल्या करारानंतर प्रेषितांनी (सल्ल.) मदीनेला पाठवण्यासाठी त्यांची निवड केली. वयाने, मानाने मोठे कितीतरी जण होते. मुसअब एका यजमानाच्या घरी राहिले आणि लोकांना कुरआन शिकवू लागले. एका टोळीचे सरदार उसैद बिन हुदैर भाला घेऊन, संतापून त्यांना हुसकावायला आले. मुसअब त्यांना एवढेच म्हणाले की जरा बसा, ऐका. पटले तर ठीक, न पटले तर आम्ही उठून जातो. उसैद यांनी भाला जमिनीत रोवला आणि बसले. पुढच्या वर्षी हजच्या दिवसांत मदीनेहून सत्तरहून अधिक माणसे आली. सीरतच्या पुस्तकात हा प्रसंग दोन पानांचा आहे, पण आपल्या मुलांना तो सांगताना मी नेहमी त्या एका वाक्यापाशी थांबतो : न पटले तर आम्ही उठून जातो. उठून जाण्याची तयारी ठेवणारा माणूसच दुसऱ्याच्या ओट्यावर बसू शकतो.

आता भाषेकडे येतो. माझा रोजचा विषय आहे, त्यामुळे थोडे लांबेल.

सोलापूरच्या मुसलमान घरात बोलतात दख्खनी. शाळेत शिकतात उर्दू, नाहीतर मराठी, नाहीतर हल्ली इंग्रजी. बाजारात बोलतात मराठी, कन्नड, आणि पद्मशाली वस्तीत राहत असतील तर तेलुगूही. दहा वर्षांच्या मुलाला चार भाषा कानावर पडतात. दावतच्या कामासाठी अल्लाहने एवढी तयार माणसे दिलेली असताना आपण मस्जिदीच्या दारात त्यातल्या तीन भाषा चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो. बयान उर्दूत, तेही अशा उर्दूत की पुढच्या सफीतल्या तरुणाला अर्धे कळत नाही. सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीचा आशय असा की प्रत्येक प्रेषित आपल्या कौमच्या भाषेतच संदेश घेऊन आला. उर्दू मला प्रिय आहे, तिच्यावर माझे घर चालते. पण उर्दूला आपण इस्लामची भाषा समजू लागलो आणि मराठीला 'त्यांची' भाषा, इथे गाडी रुळावरून उतरली.

हजरत जैद बिन साबित (रजि.) हे मदीनेतले कोवळ्या वयाचे हुशार मुलगा. यहुद्यांशी पत्रव्यवहार करता यावा म्हणून प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना त्यांची लिपी शिकून घ्यायला सांगितले. हदीसमध्ये येते की पंधरवड्यात त्यांनी ती आत्मसात केली. शेजाऱ्याची भाषा शिकणे ही सुन्नत ठरते, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा ते हसतात. मराठीचा तास सुन्नत आहे म्हटल्यावर कोणता मुलगा हसणार नाही?

या बाबतीत ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून गोव्याला आले, इथली भाषा शिकले आणि ओवीत क्रिस्तपुराण लिहिले. ते छापून निघाले १६१६ साली. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू केला. ते मिशन सोलापुरातही काम करत होते आणि आपल्या शहरातली वोरोनोको प्रशाला त्याचीच खूण आहे. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, 'ज्ञानोदय'मध्ये लिहिले, अभंगाच्या वळणाची शेकडो भजने रचली, कारण कीर्तन-भजनाशिवाय मराठी माणसाच्या मनापर्यंत पोहोचता येणार नाही हे त्यांनी ओळखले होते. आणि १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले. पगारी प्रचारक आणि परदेशी पैसा यांच्यावर चालणारा धर्म लोकांचा होत नाही, तो सामान्य श्रद्धावंतांनी चालवला पाहिजे, या विचारातून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो दरबार फार पुढे गेला नाही. पण त्यांनी शंभर वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आज आपल्या मस्जिदींसमोर जसाच्या तसा उभा आहे : काम पगारी इमामावर सोडून जमातीने फक्त चंदा द्यायचा का?

आपल्याकडे मराठीत काहीच झाले नाही असे नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला. त्यांच्या विचारांशी आपण कितपत सहमत आहोत हा वेगळा विषय, पण मराठी मुसलमानाची आहे हे त्यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी दाखवून दिले. आपल्या सोलापुरातच प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांनी आयुष्य या कामी वेचले. १९९० मध्ये पहिले अखिल भारतीय मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरले, ते त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीतून. बेन्नूर सर दावतचे काम करत नव्हते, ते समाजाचे व इतिहासाचे अभ्यासक होते, आणि धार्मिक संघटनांशी त्यांचे मतभेद उघड होते. तरीही मराठी वाचकाला मुसलमान कसा जगतो हे त्यांच्या पिढीने सांगितले नसते, तर आज माझ्यासारख्याला लिहिताना पाठीशी काहीच नसते. दुसऱ्या बाजूने जमाअत-ए-इस्लामीच्या मंडळींनी इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्टमार्फत कुरआनचा मराठी अनुवाद आणि शेकडो पुस्तिका काढल्या, 'शोधन' साप्ताहिक चालवले. त्यांच्या सगळ्या भूमिका मला पटतात असे नाही. पण मराठीत कुरआन मागणाऱ्या शेजाऱ्याला देण्यासाठी हाताशी पुस्तक आहे ते त्यांच्यामुळे. ते नेऊन देण्याचे काम जमातीचे होते. किती मस्जिदींच्या कपाटात मराठी अनुवादाच्या दोन प्रती आहेत, हे येत्या जुम्माला आपणच उघडून पाहावे.

आता मस्जिद परिचयाबद्दल. मुंब्रा, पुणे अशा ठिकाणी काही मस्जिदींनी एक दिवस दरवाजे सर्वांसाठी उघडण्याचा उपक्रम केला आहे. जर्मनीत १९९७ पासून दरवर्षी ३ ऑक्टोबरला असा दिवस पाळला जातो, ब्रिटनमध्ये २०१५ पासून. वजू म्हणजे काय, अजानचे शब्द काय, मिहराब कशासाठी, आत मूर्ती नाही तर मग असते काय, असे साधे प्रश्न लोक विचारतात. आपल्या काही बुजुर्गांना हे नवे खूळ वाटते. त्यांना मी हजरत सुमामा बिन उसाल यांचा किस्सा सांगतो. यमामाचे हे सरदार कैद होऊन आले तेव्हा त्यांना मस्जिद-ए-नबवीच्या खांबाला बांधले होते. प्रेषित (सल्ल.) तीन दिवस येता-जाता त्यांची विचारपूस करत राहिले आणि तिसऱ्या दिवशी कोणतीही अट न घालता त्यांना सोडून दिले. सुमामा जवळच्या बागेत गेले, अंघोळ केली आणि स्वतःहून परत आले. त्यांच्यासाठी व्याख्यान ठेवल्याचे त्या हदीसमध्ये नाही. मला वाटते, त्या तीन दिवसांत त्यांनी पाहिली ती जमात. लोक कसे उभे राहतात, एकमेकांशी कसे बोलतात, गरीब कुठे बसतो, श्रीमंत कुठे बसतो. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला तर त्याच मस्जिदीत त्यांची प्रार्थना करू दिल्याचे सीरतकारांनी लिहून ठेवले आहे.

म्हणून मस्जिद परिचयाची खरी तयारी फलक लावण्याची नाही. पाहुणा आला तर त्याला दिसणार काय? वजूखान्याचे नळ गळतात का? जमातखान्याच्या हिशेबावरून ट्रस्टींची भांडणे कुठवर गेली आहेत? आणि एक प्रश्न, जो दलित वस्तीतून आलेला पाहुणा हमखास विचारतो : तुमच्यात जात नाही म्हणता, मग बागवान जमात वेगळी, मोमीन वेगळी, अत्तार वेगळी, कुरेशी वेगळी कशी? सोयरिक करताना काय विचारता? मी स्वतः हा प्रश्न ऐकला आहे आणि शेजारी बसलेल्या दोन पदवीधर तरुणांना चुळबुळ करताना पाहिले आहे. आपल्याच राज्यात शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, ती या वास्तवातूनच. त्यावर 'इस्लाममध्ये जात नाही' हे पुस्तकी उत्तर देऊन भागत नाही. इस्लाममध्ये नाही, आमच्यात आहे, आणि आम्ही ती मोडू पाहतो, असे म्हणता आले पाहिजे. मग पुढचा प्रश्न येतो : मोडली का कुणी? ज्या तरुणाने बिरादरीबाहेर निकाह केला आहे, तोच उत्तर देऊ शकतो.

बायकांचे काय? आपल्या बहुतेक मस्जिदींत त्यांच्यासाठी जागा नाही. २०१९ मध्ये पुण्याच्या एका दाम्पत्याने हा विषय सर्वोच्च न्यायालयात नेला आणि २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने शपथपत्रात सांगितले की स्त्रियांना मस्जिदीत येऊन नमाज पढण्याची मुभा आहे. म्हणजे अडचण शरीयतची नाही, आपल्या सवयीची आणि बांधकामाची आहे. पण गंमत अशी की ज्यांना आपण मस्जिदीबाहेर ठेवले, त्या दावतचे काम कधीपासून करत आहेत. कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहती पाहा. कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत झाली, आता रे नगरची घरे झाली, त्यातली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांच्या ताब्यात आली. तिथे भिंतीला भिंत लागून तेलुगू बोलणारी पद्मशाली बाई आहे, मराठी बोलणारी बौद्ध बाई आहे आणि दख्खनी बोलणारी आपली बाई आहे. एकाच कारखान्यात विड्या जमा करायला जातात, एकाच रांगेत उभ्या राहतात. रोजा कशाला धरतेस, इद्दत म्हणजे काय, तुझ्या मुलीच्या लग्नात मेहर किती ठरला, तीन वेळा म्हटले की झाले का गं, हे सगळे प्रश्न त्या रांगेत विचारले जातात. उत्तरही तिथेच दिले जाते, कधी बरोबर, कधी ऐकीव. या बायकांना कुणी निकाहनामा, मेहर, वारसाहक्क नीट समजावून सांगितला तर त्यांच्याएवढी पोच कोणत्या वक्त्याची असेल? आपले इज्तेमे मात्र पुरुषांसाठी मैदानात आणि बायकांसाठी पडद्यामागे, लाउडस्पीकर लावून.

काही तरुण मला थेट विचारतात : सर, हे करायला गेलो आणि कुणी धर्मांतराची तक्रार केली तर? भीती खोटी नाही. म्हणून कायदा माहीत असावा. राज्यघटनेच्या २५व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. 'प्रसार' हा शब्द ठेवायचा की नाही यावर ६ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत चांगली खडाजंगी झाली आणि शब्द राहिला. पुढे १९७७ मध्ये रेव्ह. स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे म्हणजे प्रसार. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणणे हा मूलभूत हक्क नाही. या निकालावर ख्रिस्ती आणि मुस्लिम विचारवंतांनी टीका केली आहे, तीत तथ्यही आहे. पण एक मुसलमान म्हणून मला त्या वाक्यात अडचण वाटत नाही. हिदायत देणे अल्लाहच्या हाती आहे, माणसाच्या नाही, हे आपल्याला कुरआन पुन्हा पुन्हा बजावतो, आणि धर्मात जबरदस्ती नाही हेही. किती जण 'आले' याची मोजदाद ठेवणारी दावत मला आमिषाच्या वाटेने जाणारी वाटते. पैसा, नोकरी, लग्न यातले काहीही मध्ये आले की ते काम कायद्यानेही चुकीचे आणि दीननेही. तरुणांना हे सुरुवातीलाच सांगावे, उशीर करू नये. बंद खोलीत नाही, ओट्यावर बोलावे. एकट्याने नाही, दोघा-तिघांनी. अल्पवयीन मुलांशी त्यांच्या आईवडिलांच्या पाठीमागे कधीच नाही.

काही मंडळी म्हणतात, आधी आपले घर सावरा. आपली पोरे नववी-दहावीत शाळा सोडतात, गुटखा खातात, हुंडा घेतात, आणि तुम्ही निघालात दुसऱ्यांना सांगायला. या म्हणण्यात दम आहे. पण 'आधी' हा शब्द मला खटकतो. घर पूर्ण सावरले असा दिवस कधीच येणार नाही, आणि शेजाऱ्याशी बोलायला लागल्यावरच माणूस स्वतःकडे नीट पाहतो. व्याजाविरुद्ध बोलणाऱ्या तरुणाला शेजारी विचारतो, तुझ्या गाडीचा हप्ता कुठल्या बँकेचा? दारूविरुद्ध बोलणाऱ्याला विचारतो, तुमच्या चौकातल्या मटक्याचे काय? हे प्रश्न इमामसाहेब कधी विचारत नाहीत.

बोलण्याच्या आधी दिसण्याची उदाहरणे आपल्याच भागात आहेत. २०२० च्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुसलमानांनी जकातीतून ३६ लाख रुपये उभे करून तिथल्या सरकारी इस्पितळात अतिदक्षता विभाग उभारून दिला. २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा पंढरपूरच्या मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. कुर्बानीला तीन दिवसांची सवलत शरीयतनेच दिली आहे, त्यामुळे दीनमधले काही सोडावे लागले नाही आणि वारकऱ्याला जे कळायचे ते कळले. त्याच सप्टेंबरात अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली, तेव्हा ठिकठिकाणी मिलादचे जुलूस दुसऱ्या दिवशी निघाले. हे निर्णय मोहल्ल्यातल्या साध्या लोकांनी, मस्जिद कमिट्यांनी बसून घेतले. मला दुःख एवढेच की ते आपण का घेतले हे समजावून सांगणारा एखादा मराठी कागद त्या दिवशी वारीच्या वाटेवर नव्हता. पाण्याच्या बाटल्या वाटणारे हात होते, दोन शब्द सांगणारे तोंड नव्हते. वारकरी विचारतो, बाबा, तुमच्यात एकादशीसारखे काही असते का? पोरगा म्हणतो, हां, रोजा रहता. पुढे त्याला मराठीच सुचत नाही.

याला फार मोठी योजना लागत नाही. महिन्यातल्या एका जुम्माला खुतब्याआधीचे बयान मराठीत व्हावे. अरबी खुतबा आहे तसा राहील, त्याला कुणी हात लावत नाही. आलिम साहेबांना मराठी अवघड जात असेल तर जमातीतल्या शिक्षकाने, वकिलाने त्यांच्या मुद्द्यांचा मराठी मजकूर तयार करून वाचावा. शहरात उर्दू आणि मराठी दोन्ही जाणणारे डी.एड., बी.एड. झालेले कितीतरी तरुण नोकरीची वाट पाहत बसले आहेत. त्यांतल्या चौघांकडे मस्जिदीचे मराठी वाचनालय सोपवावे, आणि हो, थोडे मानधन द्यावे. सगळे काम सवाबावर चालवण्याची आपली सवय गरीब तरुणाला परवडत नाही, म्हणून तो दोन महिन्यांनी दिसेनासा होतो आणि आपण म्हणतो, आजकाल के बच्चों को दीन की फिक्र नहीं.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना मात्र वादविवाद शिकवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. त्यांना आपल्या शहराची माहिती द्यावी. १९३० च्या सोलापूरच्या लढ्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना फाशी झाली, त्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर कुर्बान हुसेन होते आणि ते 'गझनफर' नावाचे पत्र चालवत होते, हे सांगता आले तरी पुष्कळ. मुलांना पाहुण्याच्या चपला नीट लावायला शिकवावे, पाणी द्यायला शिकवावे, आणि एखादे उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही, इमामसाहेबांना विचारून उद्या सांगतो' हे वाक्य स्वच्छ मराठीत म्हणायला शिकवावे. आणि दुसऱ्या दिवशी खरोखर जाऊन सांगायला.

येत्या रमजानसाठी आमच्या मोहल्ल्यातल्या आठ-दहा मुलांनी ठरवले आहे की इफ्तारला आजूबाजूच्या बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांना बोलवायचे. चिठ्ठ्या मराठीत लिहायच्या, हाताने. पहिला मसुदा मला दाखवायला आणला होता. त्यात 'आपण सहकुटुंब उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी' असे लिहिले होते. मी ते खोडून 'या, आमच्याबरोबर रोजा सोडा' एवढेच ठेवले. कमिटीने अजून होकार दिलेला नाही. विषय पुढच्या बैठकीत आहे.